गंगापूर रोड की नाशिकरोड? दोन्हीकडे भाड्याने राहून मग ठरवलं

नाशिकमध्ये 'घर कुठे बघू?' असं कुणालाही विचारा. पैसे असतील तर गंगापूर रोड, थोडे कमी असतील तर इंदिरानगर किंवा पाथर्डी फाटा, आणखी कमी असतील तर म्हसरूळ, आडगाव अशी उतरंड लोक पाठ असल्यासारखी सांगतात. नाशिकरोड, म्हणजे रेल्वे स्टेशनकडचा भाग, या उतरंडीत नसतंच. आपण होऊन नाव काढलं तर समोरचा म्हणतो, "तिकडे? एवढ्या लांब?" कुठून लांब, ते कुणी सांगत नाही.

आम्ही गंगापूर रोडला, आनंदवल्लीच्या अलीकडे, बरीच वर्षं भाड्याने राहिलो. विकत घ्यायची वेळ आली तेव्हा मी हट्ट धरला की आधी एक अकरा महिन्यांचा करार नाशिकरोडला करायचा, तिथे राहून बघायचं आणि मगच टोकन द्यायचं. चाळीस-पन्नास हजारांचा फोन घेताना आपण चार दुकानं फिरतो. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेताना मात्र रविवारी दुपारी बिल्डरच्या गाडीतून जातो, सॅम्पल फ्लॅट बघतो आणि खुश होऊन परत येतो. तसं करायचं नव्हतं.

कोण लिहितंय हे आधी सांगते, कारण त्यावरच सगळं ठरतं. घरात आम्ही पाच जण. माझं ऑफिस मुंबईत, फोर्टला. आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं, बाकीचे घरून काम. नवरा सातपूर एमआयडीसीत टूलरूमला. लेक आठवीत. सासरे, म्हणजे आमचे नाना, नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून (छापखान्यातून) निवृत्त झालेले. सासूबाईंना संधिवात, त्यामुळे लिफ्ट हवीच. तुमच्या घरात मुंबईला जाणारं कुणी नसेल तर माझं निम्मं म्हणणं तुम्हाला लागू नाही, हे इथेच सांगून टाकते.

पहिला मुद्दा गाडीचा. पंचवटी एक्स्प्रेस मनमाडहून येते, नाशिकरोडला सकाळी सातच्या सुमारास असते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला सोडते. संध्याकाळी सव्वासहाला तिथून परत निघते. १९७५ पासून नाशिकच्या चाकरमान्यांचं जेवणखाण, झोप, मुलांचे पालकमेळावे या एका गाडीच्या वेळेला बांधलेले आहेत. आता मुंबई-शिर्डी वंदे भारत आहे, जालन्याकडून येणारीही आहे. पण महिन्याचा पास काढून जाणाऱ्याला पंचवटीच. तिच्या पासधारकांच्या बोगीत माणसं एकमेकांना आडनावाने नाही, बसायच्या जागेने ओळखतात.

गंगापूर रोडहून ही गाडी पकडायची म्हणजे पहाटे पावणेपाचचा गजर. जेहान सर्कलपासून स्टेशन बारा-तेरा किलोमीटर. अशोकस्तंभ, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), द्वारका, मग पुणे रोडने उपनगर, दत्तमंदिर, बिटको. पहाटे रस्ता मोकळा असतो, अर्धा तास पुरतो. अडचण रस्त्याची नाही, रिक्षाची. आदल्या रात्री ठरवून ठेवलेला रिक्षावाला थंडीत उठतोच असं नाही, आणि अ‍ॅपवरची टॅक्सी 'दोन मिनिटांत पोहोचतेय' म्हणत म्हणत रद्द होते. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या त्या रस्त्यावर पहाटे धुक्यात स्वेटर, शाल, मफलर असा सगळा संसार अंगावर घेऊन मी उभी असायचे. नवरा म्हणायचा, "मी सोडतो ना." एवढ्या थंडीत तेवढं अंतर दुचाकीवर जाऊन परत येणं, मग सातपूरची पहिली शिफ्ट. हे रोजचं होऊ शकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

परतीचं त्याहून वाईट. गाडी कसाऱ्याला थांबते, घाट चढायला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, इगतपुरीला थंड वारा आत येतो आणि आपण मनाने घरी पोहोचतो. प्रत्यक्षात नाशिकरोडला उतरायला साडेनऊ होऊन जातात. स्टेशनबाहेर 'गंगापूर रोड' म्हटलं की रिक्षावाल्यांचे चेहरे बदलतात, आणि आकडाही. २०२१ च्या जुलैपासून महापालिकेच्या सिटीलिंक बस आहेत. दिवसा नाशिकरोड ते सीबीएस त्यांनी मी आनंदाने जाते. पण रात्री सीबीएसला उतरून पुढची बस बघायची माझी तयारी नव्हती. घरात पाऊल टाकायला साडेदहा, कधी अकरा. जेवण गरम करायचं की सरळ झोपायचं, एवढाच प्रश्न उरायचा. महिन्याकाठी साधारण आठ हजार रुपये नुसते रिक्षा-टॅक्सीत जायचे.

मग नाशिकरोडच्या जेलरोड भागात भाड्याने घर घेतलं. तिथून स्टेशन स्कूटीवर दहा मिनिटं. पार्किंगचा महिन्याचा पास काढला. सकाळी सहाला उठून चहा बसून पिता येतो, ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर खरी वाटली नसती. रात्री दहाच्या आत पानावर बसते आणि लेक जागी असते.

आता दुसरी बाजू. गंगापूर रोडला राहत असताना नवरा बारदान फाट्यावरून सातपूर लिंक रोडने पंधरा मिनिटांत कामावर पोहोचायचा. मनात आलं तर दुपारी जेवायला घरी. जेलरोडहून त्याला तेच द्वारका, तोच मुंबई नाका, तीच त्र्यंबक रोडची गर्दी पार करून जावं लागतं. दुचाकीवर पाऊण तास, पावसात तासभर. द्वारका चौकाबद्दल बाहेरच्यांना सांगते: मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात तो हा चौक. वर उड्डाणपूल आहे, खाली मात्र ट्रक, एसटी, रिक्षा, शाळेच्या व्हॅन आणि मधूनच घुसणारा दुचाकीवाला, सगळे एकाच वेळी आपलीच बाजू हिरवी आहे असं समजून निघतात. नाशिकरोड आणि 'नाशिक' यांच्यातलं खरं अंतर किलोमीटरचं नाही, या चौकाचं आहे. घर बघायला जाणाऱ्यांनी रविवारी जाऊच नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान द्वारकेवरून जा, मग बोला.

म्हणजे प्रवास संपला नाही, तो माझ्या अंगावरून नवऱ्याच्या अंगावर गेला. घरात आम्ही हे कधी कागदावर मांडलं नव्हतं. गंगापूर रोड 'सगळ्यांना सोयीचा' असं आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, त्या 'सगळ्यां'त मी धरलेली नव्हते. माझ्या मते वस्ती निवडताना विचारायचा प्रश्न हा, की घरातल्या कुणाला किती लांब जावं लागणार आणि ते त्याला झेपणार का. बाकी जॉगिंग ट्रॅक, कॅफे, एंट्रन्स लॉबी यांचा क्रम त्यानंतरचा.

आता गोदावरीकडे येते, कारण यात नाशिकरोड सपशेल हरतं.

दोन्ही वस्त्यांना नदी लागते, पण एकच नदी दोन ठिकाणी वेगळी असते. गंगापूर धरणातून निघालेली गोदावरी गंगापूर, सोमेश्वर, आनंदवल्ली करत शहरात शिरते. तिथे ती अजून नदी असते. सोमेश्वरच्या धबधब्यावर पावसाळ्यात पाणी पांढरंशुभ्र कोसळतं, नवश्या गणपतीच्या पायऱ्यांवर बसलं की गार वारा लागतो, पहाटे खंड्या आणि बगळे दिसतात. पुढे ती रामकुंडावरून, तपोवनातून, टाकळीजवळ नासर्डी नदीला पोटात घेऊन जेलरोडच्या मागे दसक-पंचकला येते, तेव्हा ती अख्ख्या शहराचं सांडपाणी बघून आलेली असते. मलनिस्सारण केंद्रं आहेत, टाकळीला आहेत, तपोवनात आहेत, पंचकलाही आहे. तरीही उन्हाळ्यात पाण्यावर पाणवेलींचा हिरवा गालिचा पसरतो आणि संध्याकाळी खिडकी उघडली की डास आत येतात, सोबत वासही. आमचं भाड्याचं घर नदीपासून चालत पाच-सात मिनिटांवर होतं. सासूबाई दिवेलागणीच्या आधी खिडक्या लावायच्या आणि कडुनिंबाचा पाला जाळायच्या. गंगापूर रोडला याच बाई त्याच वेळी गॅलरीत बसून शेंगा निवडायच्या.

पण गंगापूर रोडच्या नदीचीही एक बाजू आहे, जी माहितीपत्रकात छापत नाहीत. 'रिव्हर व्ह्यू' म्हणून जे घर जास्त भावाने दाखवतात ते पूररेषेत आहे का, हे आधी बघा. १९ सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही. त्यानंतर २०१६ ला आणि २०१९ ला ऑगस्टमध्ये पुन्हा पाणी चढलं. धरणातून किती क्युसेक सोडलं याच्या बातम्या आपण ऐकतो, पण खरा नाशिककर पुराचं पाणी रामकुंडाजवळच्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो आणि विचारतो, "दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला?" निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये अटी. एका देखण्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला मनापासून आवडला होता. मी एजंटला नकाशावर लाल रेषा कुठून जाते ते विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, दुसऱ्या मजल्यावर कुठे पाणी येतं?" बरोबर आहे. पण गाडी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उभी करायची, लिफ्टची मोटर खाली, विजेचे मीटर खाली. सासूबाईंना चार दिवस जिन्याने चढवायचं का?

पैशांचं थोडक्यात सांगते. गंगापूर रोडला दोन बेडरूमच्या घराचं भाडं आम्ही शेवटी एकोणीस हजार देत होतो, जेलरोडला तेवढ्याच आकाराचं तेरा हजारांत मिळालं. दलाली दोन्हीकडे एक महिन्याचं भाडं. विकत घेताना फरक आणखी रुंदावतो. गंगापूर रोडला लिफ्ट, पार्किंग आणि बऱ्यापैकी स्वयंपाकघर असलेलं दोन बेडरूमचं घर सत्तर लाखांच्या खाली आम्हाला कुणी दाखवलंच नाही. नाशिकरोडला पन्नासच्या आत तीन-चार बरी घरं बघितली. देखभालीचा खर्च वेगळा. जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे तो तलाव आपल्या खिशातूनच भरतो, आणि मार्चनंतर टँकरनेसुद्धा.

पाण्यावर बोलणं आलंच आहे तर: धरणाच्या सगळ्यात जवळ राहून टँकर मागवावा लागतो, ही गंगापूर रोडच्या नव्या सोसायट्यांची गंमत आहे. जुन्या इमारतींना तो त्रास कमी. जेलरोडला आमच्या नळाला पाणी रोज यायचं, पण दाब कमी, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला गढूळ. तुरटी आणि फिल्टर दोन्ही लागायचे. या बाबतीत मी दोघांनाही पास करणार नाही.

आता माणसं. इथे मला जास्त लिहायचंय.

गंगापूर रोडला शेजारी चांगले होते, वाईट बोलणार नाही. पण तिथे घर शोधताना फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, "नॉनव्हेज खाता का?" हा असतो. त्यानंतर आडनाव. नानांनी एकदा फोन स्वतः घेतला आणि सांगितलं, "खातो. रविवारी सुकट, बुधवारी अंडी. अजून काही?" तिकडून फोन ठेवला गेला. दुसरं म्हणजे तिथली बरीच घरं बंद असतात. मुंबईकर, पुणेकर घेऊन ठेवतात, शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी जातात. आमच्या मजल्यावर चार दारं, त्यातली दोन वर्षाचे दहा महिने कुलूपबंद. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनशे मेसेज आणि गणपतीच्या आरतीला बारा माणसं.

नाशिकरोड वेगळ्याच मुशीतून निघालंय. जुन्या गावठाणाभोवती वस्ती वाढत गेली, असा प्रकार इथे नाही. आधी रेल्वे आली, मग १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस. शेजारी देवळालीचा तोफखाना आणि मध्यवर्ती कारागृह. देशभरातली माणसं नोकरीने इथे आली आणि राहिली. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली तोवर या भागाची स्वतःची नगरपालिका होती. म्हणून इथले लोक आजही खरेदीला निघताना "नाशिकला जाऊन येते" म्हणतात. आमच्या जिन्यात एक सिंधी कुटुंब, एक केरळचे निवृत्त रेल्वेवाले काका, एक आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीला अख्खी इमारत खाली उतरवणाऱ्या ताई, आणि वर लष्करात असलेल्या मुलाचे आईवडील. ईदला शिरखुर्मा, नाताळला केक आणि संक्रांतीला तिळगूळ, सगळं त्याच जिन्यातून वरखाली होतं. फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते तेव्हा वसईकडचे, मुंबईचे, गोव्याचे भाविक येतात आणि दोन दिवस रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. कुणी कुरकुर करत नाही. आपल्याकडे पाहुणे आल्यासारखं चालतं.

नाना तर इथे आल्यावर दहा वर्षांनी लहान झाले. सकाळी मुक्तिधामपर्यंत चालत जातात. पांढऱ्या संगमरवराच्या त्या देवळाच्या भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय लिहिलेले आहेत. नाना रोज एक परिच्छेद वाचतात आणि बाहेर कट्ट्यावर प्रेसच्या जुन्या सहकाऱ्यांबरोबर गीतेशी अजिबात संबंध नसलेल्या गप्पा मारतात. पेन्शन, महागाई भत्ता, कुणाचा गुडघा बदलला. गंगापूर रोडला त्यांच्यासाठी गोदापार्क होता, बाकं होती, झाडं होती, पण ओळखीचं माणूस नव्हतं. मी एकदा म्हटलं, "नाना, तिकडची हवा चांगली होती ना?" ते म्हणाले, "हवा चांगली होती गं, बोलणार कुणाशी?"

लेकीचं मत नेमकं उलटं. तिच्या मैत्रिणी, तिचे क्लास, सगळं कॉलेज रोड-गंगापूर रोड पट्ट्यात. शिकवण्यांच्या बाबतीत त्या भागाला तोड नाही. एचपीटी-आरवायके, बीवायके, केटीएचएम ही कॉलेजंही तिकडेच. नाशिकरोडला शाळा चांगल्या आहेत, बिटकोचं कॉलेज आहे, पण दहावीनंतर तिला द्वारका ओलांडावी लागणार, हे मान्य करते. नाटक, व्याख्यानं यांतही तसंच. गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आणि शंकराचार्य संकुल चालत्या अंतरावर होतं, कालिदास कलामंदिरही लांब नव्हतं. इकडून रात्रीचं नाटक बघून परत यायचं म्हणजे जेवणाचा डबाच सोबत न्यावा.

बाजाराला मात्र नाशिकरोड. देवळालीगावचा सोमवारचा आठवडे बाजार ही माझी आठवड्याची करमणूक झाली आहे. मेथीची जुडी हातात घेऊन मुळं बघायची, भाव न विचारता पुढे जायचं, मागून हाक येते तेव्हा वळायचं. मिरच्या, लसूण, सुकी मासळी, झाडू, कोयत्याला धार, सगळं एका फेरीत. गंगापूर रोडला भाजी वातानुकूलित दुकानात पाकिटात मिळते आणि पाकिटावरची तारीख वाचायला चष्मा लागतो. तरी खोटं बोलणार नाही. तिथे गिरणारे, जलालपूरकडचे शेतकरी रस्त्याकडेला टोमॅटो घेऊन बसतात तो माल सोमवारच्या बाजारापेक्षा ताजा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांचे क्रेटही थेट बागेतून येतात. त्या दोन महिन्यांसाठी गंगापूर रोडला अर्धा गुण जास्त.

मिसळीचा वाद नाशिकमध्ये कुणी मिटवू शकलेलं नाही, मीही मिटवत नाही. गंगापूर रोडकडची मिसळ म्हणजे शेतात मांडलेल्या बाजा, झोके, घोडागाडी, पापड, दही, जिलेबी आणि बाहेर एमएच-०४ च्या गाड्यांची रांग. सुला वाइनरीच्या रस्त्याला तर शनिवार-रविवार आमच्यासारख्या एमएच-१५ वाल्यांनी जाऊच नये. नाशिकरोडची मिसळ उभ्याने खायची, तर्री मागून घ्यायची, पाव संपला की ओरडायचं. पोट दोन्हीकडे भरतं, खिसा एकीकडेच रिकामा होतो.

आवाज, धूळ, जनावरं हेही सांगायला हवं. जेलरोडला पुणे रोडवरच्या अवजड वाहनांची धूळ आहे. दिवसातून दोनदा केर काढला तरी टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येतं. देवळालीत तोफांचा सराव असला की खिडक्यांच्या काचा हलक्या थरथरतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाई देवासमोर जाऊन बसल्या. नाना म्हणाले, "काही नाही, पोरं शिकतायत." रात्री मालगाड्यांचा आवाज येतो, तो मला आवडतो. गंगापूर रोड रात्री शांत, हे निर्विवाद. बिबट्या या निकषावर सामना बरोबरीत सुटतो. तिकडे २०१९ च्या जानेवारीत सावरकरनगरात भरदिवसा आला होता, इकडे जयभवानी रोड, दारणाकाठचा ऊस या बाजूला अधूनमधून दिसतोच. नाशिकमध्ये घर घेताना बिबट्यामुक्त वस्ती हवी असेल तर शहर बदला.

एजंट लोक जी स्वप्नं विकतात त्यांच्याबद्दल एक इशारा. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. टायरवर चालणारी, वरच्या तारेतून वीज घेणारी गाडी, आणि तिचा मुख्य मार्ग नेमका गंगापूर ते नाशिकरोड. माझ्यासाठीच आखल्यासारखा. त्या आशेवर दोन्ही टोकांना प्रतिफूट भाव वाढवून सांगितले गेले. अजून रस्त्यावर एक खांब नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचंही तेच, तिचा मार्ग तर मध्येच बदलायला निघाला. घराची किंमत आज जे रस्त्यावर आहे त्यावर ठरवा. सध्या तर २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांनी रस्ते सगळीकडेच उकरलेले आहेत, त्यामुळे 'हा रस्ता चौपदरी होणार' हे वाक्य प्रत्येक बिल्डरच्या तोंडी आहे. नाशिकरोडवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की सिंहस्थात गर्दीचा पहिला लोंढा आपल्याच स्टेशनवर उतरतो.

मग शेवटी घेतलं कुठे? नाशिकरोडलाच, पण जेलरोडला नाही. दसकच्या बाजूचे डास आणि वास सासूबाईंना सोसेनात, म्हणून दत्तमंदिर ते शिखरेवाडी या पट्ट्यात शोधलं. नदीपासून दूर, मैदान जवळ, स्टेशन स्कूटीवर दहा मिनिटं, आणि पुणे रोडला लगेच लागत असल्यामुळे लेकीला कॉलेज रोडची बस थेट नाही तरी एकदा बदलून मिळते. इमारत पंधरा वर्षं जुनी आहे, लॉबीत संगमरवर नाही, लिफ्ट चारच माणसांची. पण त्या चार माणसांत सासूबाईंची खुर्ची बसते, हे मी मोजपट्टी घेऊन बघितलं.

घरात दोघंही सातपूर-अंबडला जाणारे असाल, मुलं कॉलेजच्या वयाची असतील, मुंबईशी संबंध लग्नकार्यापुरताच असेल, तर डोळे झाकून गंगापूर रोड घ्या. जुनी इमारत बघा आणि पूररेषेचा नकाशा नगररचना विभागात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एकजण जरी पंचवटीचा पासधारक असेल तर नाशिकरोड. माझ्याकडून गंगापूर रोडला पाचपैकी साडेतीन, नाशिकरोडला चार. नानांचे पाच, लेकीचे दोन. नवरा रोज संध्याकाळी द्वारकेवरून हेल्मेट काढत घरी येतो तेव्हा त्याला गुण विचारायची हिंमत अजून कुणी केलेली नाही. त्याने सातपूरमधल्या एका सहकाऱ्याबरोबर आळीपाळीने चारचाकी काढायचं ठरवलंय, पुढच्या महिन्यापासून.